रात्रीचे आकाश ही कोणाची अमानत?

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ विदर्भातील पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि आपल्याकडे शाबानची २९ तारीख. मी त्या काळी पूर्व विदर्भातील एका तालुक्याच्या गावी इमामत करीत होतो. मगरिबची नमाज आटोपताच चाळीसएक माणसे मशिदीच्या गच्चीवर चढली. रमजानचा चंद्र दिसला, मुबारकबादी झाल्या, मुले घरोघर वर्दी द्यायला पळाली. पहिल्या तरावीहसाठी लोक पुन्हा जमू लागले असतील नसतील, तोच पावणेआठच्या सुमारास अंगणात आरडाओरडा झाला. आगीचे लोळ एकामागोमाग एक आकाश ओलांडून चालले होते. उल्का क्षणात विझते. हे विझत नव्हते. कोणी कलमा पढू लागले, कोणी इस्तिगफार. एका घरातून निरोप आला, ही कयामतची निशाणी तर नव्हे ना, मौलानांना विचारा.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे एक भले मोठे कडे आकाशातून पडले होते. एका चिनी अग्निबाणाचा वापरून झालेला टप्पा वातावरणात शिरून जळाला, त्याचे ते अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. कोणी जखमी झाले नाही, अल्हमदुलिल्लाह. पहिल्या रोजाच्या इफ्तारीला आदल्या रात्रीच्या भीतीवर हसणे झाले. मात्र एक वृद्ध नमाजी, ज्यांना सारी वस्ती चाचा म्हणते, ते हसले नाहीत. ते मला म्हणाले, "मौलाना, अल्लाहची निशाणी असती तर तौबा केली असती. हे माणसाचे निघाले. आता याचे काय करायचे?"

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला, आणि गेल्या काही वर्षांत तो मोठा होत गेला. कारण त्या रात्री जे घडले ती दुर्घटना होती, क्वचित घडणारी. आकाशात त्यापेक्षा मोठा बदल मुद्दाम, ठरवून आणि रोज घडत आहे.

मे २०१९ मध्ये अमेरिकेतील स्पेसएक्स या कंपनीने 'स्टारलिंक' योजनेतील पहिले साठ उपग्रह एकाच अग्निबाणाने सोडले. त्यापूर्वी पृथ्वीभोवती काम करणारे सर्व देशांचे मिळून सुमारे दोन हजार उपग्रह होते. आज ही संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे आणि त्यांतील बहुसंख्य एकट्या स्टारलिंकचे आहेत. याच कंपनीला बारा हजारांच्या आसपास उपग्रहांची मुभा पूर्वीच मिळालेली असून आणखी तीस हजारांसाठी तिने अर्ज केलेला आहे. ॲमेझॉनची योजना वेगळी, चीनच्या योजना वेगळ्या. आपला देशही यात प्रेक्षक नाही. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या अग्निबाणांनी 'वनवेब'चे छत्तीस-छत्तीस उपग्रह वर नेले, आणि त्या कंपनीत भारतीय उद्योगसमूहाची मोठी गुंतवणूक आहे.

हे उपग्रह दिवा लावून फिरत नाहीत. त्यांच्यावर सूर्याचा प्रकाश पडतो. सूर्य मावळून जमिनीवर अंधार झाला तरी पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उंचीवर अद्याप ऊन असते. म्हणून ते सर्वाधिक दिसतात संध्याकाळच्या पहिल्या प्रहरी आणि पहाटेच्या आधी. वाचकांच्या लक्षात येईल की, मगरिबपासून इशापर्यंतचा आणि सहरीपासून फजरपर्यंतचा हाच तो वेळ. शफक केव्हा मावळला आणि सुबह-सादिक केव्हा उगवली हे ज्या आकाशात पाहून आपल्या पूर्वजांनी नमाजांच्या वेळा ठरवल्या, नेमक्या त्याच घटकांमध्ये आज हे नवे ठिपके आकाशाचा ताबा घेतात. संध्याकाळी त्यांना न्याहाळणाऱ्याला एक विचित्र गोष्ट आढळते. तारा क्षितिजावर मावळतो; हा ठिपका आकाशाच्या मध्यावरच विझतो, कारण तिथे तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो.

खगोलशास्त्रज्ञांची अडचण साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या या ठिपक्यांपेक्षा पुष्कळ मोठी आहे. दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या सेरो पाचोन या डोंगरावर व्हेरा रुबिन वेधशाळा उभी राहिली असून तिची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ८.४ मीटर व्यासाचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन ती दहा वर्षे दक्षिणेचे संपूर्ण आकाश पुनःपुन्हा टिपणार आहे. ज्या छायाचित्रातून अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश शोधायचा, त्यावर उपग्रहाची पांढरी रेघ आडवी उमटली की तेवढा भाग निकामी होतो. पृथ्वीवर आदळण्याची शक्यता असलेले काही लघुग्रह सूर्याच्या बाजूने येतात आणि त्यांचा शोध संधिप्रकाशातच घ्यावा लागतो, म्हणजे रेघा सर्वांत दाट असतात तेव्हाच. कंपन्यांनी काहीच केले नाही असे नाही. स्पेसएक्सने २०२० मध्ये एका उपग्रहाला काळा लेप दिला, मग छत्रीसारखा आडोसा लावून पाहिला. त्याने तेज कमी झाले; परंतु संख्या वाढत गेली आणि आकारही वाढले. २०२२ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकी कंपनीने चौसष्ट चौरस मीटरचा पसरट अँटेना असलेला चाचणी-उपग्रह सोडला, तो काही वेळा आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला.

महाराष्ट्राचाही यात थेट संबंध आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जगातील महत्त्वाची रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. ती जागा निवडताना शहरांच्या रेडिओ-गोंगाटापासून दूर असणे हा एक विचार होता. डोंगर शहराचा गोंगाट अडवू शकतो, डोक्यावरून जाणाऱ्याचा नाही. युरोपातील 'लोफार' या रेडिओ दुर्बिणीने निरीक्षण केले, तेव्हा या उपग्रहांमधून, त्यांच्या संदेशवहनाव्यतिरिक्त, यंत्रसामग्रीचा अनाहूत रेडिओ-गोंगाटही झिरपतो, असे २०२३ मध्ये आढळून आले.

हे सारे मान्य केले तरी एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. ताऱ्यांचे यात काय बिघडले? ते जिथे होते तिथेच आहेत. नदीत विष सोडले तर पाणी बिघडते, जंगल तोडले तर झाड मरते. येथे अल्लाहच्या त्या निर्मितीला ओरखडाही पडलेला नाही. फक्त आपली नजर अडली आहे. नजर अडणे याला नुकसान म्हणायचे का?

या आक्षेपाला आपल्या फिकहमध्येही आधार सापडतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' नावाची संहिता तयार झाली. शेजाऱ्याच्या बांधकामाने होणारे नुकसान केव्हा गंभीर समजावे, याची चर्चा तीत आहे. तिचे म्हणणे असे की, शेजाऱ्याने भिंत घातल्याने तुमच्या घरातून दिसणारा देखावा झाकला गेला किंवा वारा आणि ऊन येणे बंद झाले, तर तेवढ्यावरून त्याची भिंत पाडता येत नाही. कारण या गोष्टी मूलभूत गरजांमध्ये मोडत नाहीत. प्रकाश मात्र साफ बंद झाला तर ते गंभीर नुकसान होय. मदरशातील दिवसांत मी हे वाचले तेव्हा मला ते अत्यंत न्याय्य वाटले होते, आजही वाटते. प्रत्येकाच्या देखाव्याला हक्काचा दर्जा दिला तर गावात घरच बांधता येणार नाही. मग ताऱ्यांनी भरलेले आकाश हाही एक देखावाच, असे कोणी म्हटले तर?

माझे उत्तर असे आहे की, आकाश हा देखावा नाही, आणि तो देखावा का नाही हे पवित्र कुरआनच्या भाषेवरून स्पष्ट होते. कुरआन आपल्या वचनांना आयत म्हणतो, आणि आकाश-पृथ्वीच्या रचनेत, रात्र-दिवसाच्या येण्याजाण्यात जे आहे त्यालाही तोच शब्द वापरतो. एक आयत कागदावर आहे, दुसरी डोक्यावर. सूरह आले इम्रानच्या अखेरीस (३:१९०-१९१) बुद्धिवंतांचे वर्णन आहे ते उभे, बसून आणि कुशीवर असता अल्लाहचे स्मरण करणारे व आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीवर चिंतन करणारे लोक म्हणून. सूरह मुल्कमध्ये (६७:३-४) तर थेट आव्हान आहे: नजर वळवून पाहा, कुठे भेग दिसते का, पुन्हा पाहा, नजर थकून परत येईल. ज्याला पाहण्याची आज्ञा आहे, त्याच्यावरील पडदा हा शेजाऱ्याच्या बागेवरील पडद्यासारखा मोजता येत नाही.

हजरत इब्ने अब्बास (रजि.) लहान असताना एका रात्री आपल्या मावशी उम्मुल-मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी राहिले. त्यांनी सांगितलेली हकीकत बुखारीत आहे. रात्रीच्या अखेरच्या प्रहरी प्रेषित मुहम्मद (स.) उठून बसले, त्यांनी आकाशाकडे नजर टाकली आणि आले इम्रानच्या याच आयती पढल्या, मग वुजू करून नमाजला उभे राहिले. क्रम लक्षात घ्यावा. नमाजमध्ये नजर वर उचलण्यास मनाई आहे, हे आपण मकतबच्या मुलांना पहिल्या वर्षीच शिकवतो. नमाजपूर्वी मात्र प्रेषितांनी (स.) वर पाहिले. त्या पाहण्याची आठवण आपण मुलांना क्वचितच देतो.

हजरत इब्राहीम (अलै.) यांची कथाही (६:७६-७९) येथे आठवते. रात्र दाटली, त्यांना तारा दिसला; तो मावळला तेव्हा, जे मावळते ते माझे आराध्य नाही, असा निर्णय त्यांनी उच्चारला. मग चंद्र, मग सूर्य. तौहीदची ही सारी दलील दिसण्यावर आणि मावळण्यावर उभी आहे.

कोणी म्हणेल, ताऱ्यांची माहिती पुस्तकात आहे, मोबाइलमध्ये तर संपूर्ण आकाश हलते दिसते. वर पाहण्यावाचून काय अडले? याचे उत्तर मला स्वतःच्या अनुभवातून द्यावे लागेल. सुबह-काजिब आणि सुबह-सादिक यांतील फरक मी मदरशात शिकलो आणि पुढे कित्येक वर्षे शिकवला. पहिली पहाट खोटी. ती लांडग्याच्या शेपटीसारखी खालून वर उभी चढते आणि तिच्यावर रोजाची सहरी थांबत नाही. दुसरी खरी, ती क्षितिजावर आडवी पसरते. हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारले असेल, पण सुबह-काजिब मी कधी पाहिलीच नव्हती. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये एका निकाहसाठी गडचिरोली जिल्ह्यात जंगलालगतच्या एका वस्तीवर मुक्काम पडला. पहाटे उठलो तो पूर्वेला एक फिकट, निमुळता, किंचित तिरका उजेड वर चढलेला. प्रथम वाटले, पलीकडे एखादे शहर असावे. शहर नव्हते. मी तसाच उभा राहिलो. काही वेळाने त्याच्या बुडाशी आडवी पांढरी रेषा उमटली आणि पसरली. माझ्या वयाच्या तिशीत, इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर, मी जे शिकवत होतो ते मला प्रथमच कळले. आमच्या उस्तादांनी ते पाहिले होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

शहरांत सुबह-काजिब लोपली ती उपग्रहांमुळे नव्हे, जमिनीवरील दिव्यांमुळे. हे येथे वेगळे सांगतो, म्हणजे एकाचा दोष दुसऱ्यावर जाणार नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाश-प्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार जगातील ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांश मानवजातीला आकाशगंगा दिसत नाही. परंतु दिव्यांपासून पळून जाता येत होते. गडचिरोलीला जाता येत होते. उपग्रहांपासून दूर जाण्यासाठी पृथ्वीवर गाव नाही. शिवाय कक्षेतील उपग्रह आणि त्यांचे तुकडे यांच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एकत्र मिळून संपूर्ण आकाशच किंचित उजळ करतो. २०२१ मधील एका अभ्यासाने ही वाढ नैसर्गिक रात्रीच्या तुलनेत दहा टक्क्यांपर्यंत असू शकते असा अंदाज मांडला, आणि तेव्हा उपग्रह आजच्यापेक्षा पुष्कळच कमी होते.

आपल्या समाजाला या विषयाशी आपले नाते नाही असे वाटण्याचे खरे तर कारण नाही. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी ताऱ्यांवरील ग्रंथात देवयानीतील त्या धूसर ढगाची नोंद केली, जी आज दुसरी आकाशगंगा म्हणून ओळखली जाते. दुर्बीण तेव्हा सहाशे वर्षे दूर होती. पंधराव्या शतकात समरकंदला उलुग बेग यांच्या वेधशाळेत हजारावर ताऱ्यांची सारणी तयार झाली. इंग्रजी पुस्तकांत आजही अल्डेबरन, रायजेल, व्हेगा, अल्टेअर ही नावे छापतात ती मुळात अरबी आहेत. अल्डेबरन म्हणजे अद-दबरान, मागून येणारा, कारण तो सुरय्याच्या, म्हणजे कृत्तिकांच्या, मागोमाग उगवतो. मराठीत त्यालाच रोहिणी म्हणतात. माझे वडील शेतकरी. रोहिणी आणि मृग ही त्यांच्या पेरणीची भाषा होती. मी बी. ए.ला मराठी घेतले तेव्हा मला कळले की मदरशातील अद-दबरान आणि घरातील रोहिणी हा एकच तारा आहे. लालसर, डोळ्यांत भरणारा. तो मुलांना दाखवून 'याची दोन्ही नावे आपली' असे सांगण्यात मला अजून मजा वाटते.

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच गांभीर्याने. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम भागांत, जिथे मोबाइलचा मनोरा पोहोचत नाही, तिथे शाळा, आरोग्य केंद्रे व सरकारी सेवांना इंटरनेट देणे हा तिचा हेतू सांगितला आहे. ज्या वस्तीवर मी ती पहाट पाहिली, तिथे रात्री एखादी बाळंतीण अडली तर दवाखान्याला कळवण्यासाठी टेकडीवर चढून रेंज शोधावी लागते. त्या घरच्या माणसाला मी सुबह-काजिबचे सौंदर्य कोणत्या तोंडाने सांगू? जीवाचे रक्षण हा शरीअतच्या उद्दिष्टांतील अग्रक्रमाचा विषय आहे. म्हणून 'उपग्रह नकोत' असे म्हणणारा लेख मी लिहिणार नाही. आकाश-पृथ्वीत जे काही आहे ते अल्लाहने तुमच्या सेवेस लावले, असा आशय कुरआनमध्ये (४५:१३) स्पष्ट आहे.

पण सेवेस लावणे म्हणजे मालकी देणे नव्हे. तसखीर आणि मिल्कियत या दोन शब्दांतील अंतरात सगळा प्रश्न आहे. घोडा माझ्या सेवेस आहे म्हणून त्याला उपाशी ठेवून पळवण्याचा हक्क मला नाही. सूरह रहमानमध्ये (५५:७-८) आकाश उंच केल्याचा उल्लेख होताच लगोलग मीजान, म्हणजे तराजू ठेवल्याचा उल्लेख येतो, आणि त्या तराजूत अतिक्रमण करू नका अशी ताकीद. आकाश आणि तराजू एकाच दमात आले आहेत.

फुकहांनी हा तराजू वापरण्याची रीत घालून दिली आहे. ज्याविना जीव किंवा दीन धोक्यात येतो ती जरूरत. ज्याविना जगणे कष्टाचे होते ती हाजत. आणि ज्याने केवळ शोभा वा सोय वाढते ते तहसीनी. जरूरतमुळे सूट मिळते, पण जरूरतीपुरतीच. दुर्गम गावाला इंटरनेट ही किमान हाजत आहे, कधी जरूरतही. परंतु त्या गावासाठी चाळीस हजार उपग्रह लागतात का? एकाच कामासाठी चार-पाच कंपन्यांनी आपापली स्वतंत्र जाळी आकाशभर अंथरणे ही गावाची गरज आहे की कंपन्यांची शर्यत? मला ती शर्यत दिसते, आणि शर्यतीचे नाव गरिबाच्या गरजेवर घालणे हे मला अधिक खटकते. अमेरिकेतील रिफ्लेक्ट ऑर्बिटल ही कंपनी तर कक्षेत मोठे आरसे लावून रात्री मागेल त्याला सूर्यप्रकाश पुरवण्याची योजना आखत आहे. सूरह कससमध्ये (२८:७२) माणसाला प्रश्न केला आहे की, अल्लाहने कयामतपर्यंत तुमच्यावर दिवसच कायम ठेवला तर विसाव्याची रात्र तुम्हाला दुसरा कोण आणून देईल? आपण मात्र रात्र घालवण्याचे पैसे घेणारा शोधून काढला आहे.

मजल्लात आणखी एक नियम आहे: सर्वसामान्यांचे नुकसान टाळण्यासाठी व्यक्तीचे खासगी नुकसान सोसावे. शेजारच्या भिंतीचा वाद दोन घरांमधला असतो. आकाशाचा वाद काही कंपन्या आणि उरलेली सारी मानवजात यांच्यातला आहे. म्हणून भिंतीचा नियम येथे लागू होत नाही, हा नियम होतो. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ कराराने कोणत्याही राष्ट्राला अंतराळावर मालकी सांगण्यास मनाई केली, आणि भारताने तो मान्य केलेला आहे. पण मालकी न सांगताही जागा अडवता येते, हे आपल्या प्रत्येक बाजारपेठेतील रस्ता पाहून कळते.

बुखारीतील जहाजाची हदीस सर्वांना परिचित आहे. चिठ्ठ्या टाकून काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वरच्यांमधून जावे लागे. त्यांनी ठरवले, आपल्याच भागात एक भोक पाडावे, म्हणजे वरच्यांना त्रास नको. वरच्यांनी त्यांना करू दिले तर सगळे बुडाले; हात धरला तर सगळे वाचले. खुतब्यात ही हदीस सांगताना आपण भोक पाडणाऱ्यांना दुष्ट रंगवतो. पण पाहा, त्यांना खरोखर पाणी हवे होते. हेतूही चांगला होता, कोणाला त्रास नको हा. आणि भोक ते स्वतःच्या हिश्शात पाडणार होते. चूक एकच होती. जहाजात 'माझा हिस्सा' असा वेगळा नसतो, हे त्यांनी ध्यानात घेतले नाही. आज फरक इतकाच आहे की, भोक पाडणारे वरच्या मजल्यावर आहेत आणि हात धरायला आपण खालचे तिथवर पोहोचत नाही. कोणी विचारलेही नाही. मशिदीचा पंखा बदलायचा तर आपण जमातीत विचारतो. सगळ्यांच्या डोक्यावरचे आकाश बदलताना मशवरा झाला नाही, आणि हा केवळ शिष्टाचाराचा भंग नाही, हक्कुल-इबादचा प्रश्न आहे. हे माझे मत आहे, फतवा नव्हे. याहून अधिक जाणत्यांनी यावर लिहावे अशी इच्छा आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०२२ मध्ये अंधाऱ्या व शांत आकाशाच्या रक्षणासाठी केंद्र स्थापन केले आहे. तिथे शास्त्रज्ञ बोलतात, कंपन्याही बोलतात. ज्यांच्या इबादतीच्या वेळा आकाशाशी बांधलेल्या आहेत त्यांनी तिथे बोलू नये, असे कोणी म्हटलेले नाही. आपणच गेलेलो नाही.

अर्थात जाण्यापूर्वी घराकडे पाहावे लागते. आपल्या मिनारांवरचे झगझगीत दिवे फजरपर्यंत कोणासाठी जळतात? उर्स आणि जुलूसच्या दिवसांत गल्ल्यांवर जो प्रकाश ओततो, तो इस्राफमध्ये मोडतो की नाही, हा प्रश्न मी खुतब्यात काढला तेव्हा काही चेहरे आंबट झाले. मी म्हटले, मंडप सगळ्यांचेच झगझगतात, पण हिशेब आपल्याला आपला द्यायचा आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला. त्यासाठी आसपासच्या गावांतील दिवे बदलून त्यांचे तोंड खाली वळवावे लागले. गावकऱ्यांनी ते केले. आमच्या मशिदीच्या कमिटीपुढे मी तेवढीच सूचना ठेवली: इशानंतर मिनारावरचे दोन मोठे दिवे बंद करावेत, अंगणातील दिव्यांना टोपी लावावी. टोपीला मान्यता मिळाली. मिनाराच्या दिव्यांवर एका सदस्यांचा आक्षेप आहे की मग हायवेवरून मशीद दिसणार नाही. विषय पुढच्या बैठकीत आहे.

गेल्या हिवाळ्यात जुन्या गावी जाणे झाले. फजरला अजून अवकाश होता. चाचा नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी येऊन पायरीवर बसले होते, तसबीह हातात. मी शेजारी बसलो. आकाशाच्या मध्यावर, जिथे काहीच नव्हते तिथे, एक ठिपका अकस्मात पेटला आणि पूर्वेकडे सरकू लागला. चाचांनी बोट केले. मी म्हणालो, "माणसाचाच आहे." ते काही वेळ त्याच्या मागे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, हा परत केव्हा येणार? मी सांगितले की सुमारे दीड तासात पृथ्वीची एक फेरी होते. पण तोवर सूर्य वर आलेला असेल, आपल्याला दिसणार नाही. त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन वुजूच्या नळाची चावी सोडली.